कात टाकलेला साप

डेफ्टोन्स या अमेरिकन रॉक बँडचा दहावा अल्बम 'प्रायव्हेट म्युझिक' २२ ऑगस्ट २०२५ रोजी आला. त्याच आठवड्यात त्याच्यावरचा वादही सुरू झाला आणि तो अजून मिटायचं नाव घेत नाही. एक बाजू म्हणते, पहिल्या अल्बमला तीस वर्षं झाली तरी हा बँड आहे तिथेच आहे. तीच घुमणारी गिटार, तोच आधी कुजबुजणारा आणि मग किंचाळणारा गायक, तेच धुक्यातले शब्द. यात वाढ कुठे आहे? दुसरी बाजू मात्र खूश आहे. मधली काही वर्षं भरकटलेले हे लोक एकदाचे घरी आले, आता पुन्हा १९९७ सारखं कडक वाजवतायत, असं तिचं म्हणणं. गंमत अशी की एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या या दोन्ही बाजूंचं मूळ मुद्द्यावर एकमतच आहे. बँड जागचा हलला नाही, हे दोघांनाही मान्य. एकाला त्याचं दुःख होतं, दुसऱ्याला आनंद. वाढ ही अशी पावलं मोजून मोजायची असते का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'प्रायव्हेट म्युझिक' हा या बँडच्या सर्वांत परिपक्व अल्बमांपैकी एक आहे. तो फार लांब गेलेला नाही, हे मला कबूल आहे. पण त्या जागेवर राहून आत काय काय बदललं, ते ऐकायची तसदी या वादात कुणी घेतलेली नाही. अल्बमच्या मुखपृष्ठावर हिरव्या पार्श्वभूमीवर एक पांढरा साप आहे, आणि तिसऱ्या गाण्याचं नाव आहे 'एक्डायसिस'. प्राणिशास्त्रातला हा जड शब्द मराठीत आपण येता-जाता वापरतो: कात टाकणं. पक्षाने कात टाकली, रंगभूमीने कात टाकली, म्हणजे सगळं पार नवं झालं, असं आपण धरून चालतो. सापाचा अनुभव वेगळा आहे. कात टाकण्याआधी काही दिवस त्याची कातडी निस्तेज होते, डोळ्यांवर निळसर, दुधी पडदा येतो, धड दिसत नाही. मग तो खडबडीत दगडावर तोंड घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि पायातला मोजा उलटा काढावा तशी मागे मागे सोलत जाते. आतून बाहेर पडतो तो तोच साप, अंगावर तीच नक्षी. जुनी कातडी त्याला पुरेनाशी झाली होती, एवढंच.

हा बँड ज्यांना फारसा परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो शहरात १९८८ मध्ये शाळकरी मित्रांनी हा उद्योग सुरू केला. गायक चिनो मोरेनो, गिटारवाला स्टीफन कार्पेंटर आणि ड्रमवाला एब कनिंगहॅम हे तिघं तेव्हापासूनचे. 'अ‍ॅड्रेनालिन' १९९५ मध्ये आला, 'अराउंड द फर' १९९७ मध्ये. त्या काळात कॅलिफोर्नियात जो न्यू मेटलचा, म्हणजे रॅप मिसळलेल्या जड रॉकचा, पूर आला त्यात यांनाही ढकललं गेलं, आणि तो शिक्का मोरेनोला कधीच मानवला नाही. चिडण्याचं कारण समजण्यासारखं आहे. हा माणूस द क्युअर आणि डेपेश मोड हे ब्रिटिश बँड ऐकत वाढलेला. त्या दोघांचीही गाणी डेफ्टोन्सने पुढे आपल्या पद्धतीने वाजवली. कार्पेंटरचा देव निराळा. त्याला मेशुगा या स्वीडिश बँडचा पोलादी, हिशेबी, आडव्यातिडव्या तालातला मेटल प्रिय. सहा तारांच्या गिटारवरून तो सातवर गेला, 'डायमंड आइज'ला आठवर, आणि २०२० च्या 'ओम्स'पर्यंत नऊवर. एकाला धुकं हवं, दुसऱ्याला कातळ. डेफ्टोन्स ऐकणं म्हणजे या दोघांचं तीस वर्षांचं भांडण ऐकणं, असं मला नेहमी वाटत आलंय, आणि या बँडची वाढ शोधायची तर ती या भांडणाच्या रीतभातीत शोधावी लागते.

कलावंताची वाढ बाहेरून किती चुकीची वाचली जाते, याचं याच बँडच्या चरित्रातलं उदाहरण म्हणजे 'व्हाइट पोनी'. जून २००० चा हा अल्बम आज त्यांचा सर्वोत्तम मानला जातो, आणि सर्वांत मोठी झेपही तिथेच होती. फ्रँक डेलगाडो टर्नटेबल (डीजेची तबकडी) आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) घेऊन कायमचा दाखल झाला, मोरेनोनेही गिटार हातात घेतली, गाण्यांमध्ये हवा खेळू लागली. पण त्या अल्बमसाठी ग्रॅमी कशाला मिळालं? २००१ चं 'बेस्ट मेटल परफॉर्मन्स' मिळालं 'एलिट' या गाण्याला, म्हणजे ज्यात वरचं काहीच फारसं नाही अशा, अल्बममधल्या सर्वांत रासवट गाण्याला. आणि कंपनीने काय केलं? रेडिओवर चालेल असं काहीतरी हवं म्हणून तगादा लावला. अल्बमच्या शेवटी असलेल्या एका संथ, लांबलचक गाण्यातून बँडने एक रॅपयुक्त, उड्या मारायला लावणारं गाणं कातून दिलं, आणि त्याच वर्षी निघालेल्या नव्या आवृत्तीत ते पहिल्या क्रमांकावर चिकटवलं गेलं. मोरेनोने पुढे त्याबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. पुरस्कार देणाऱ्यांना आणि माल विकणाऱ्यांना, दोघांनाही त्यांच्या ओळखीचंच गाणं हवं होतं. आज 'वाढ नाही' म्हणणारे आणि 'परत आले' म्हणणारे यांच्यापेक्षा वेगळं काय करतायत?

अंतर मोजण्याची ही सवय जुनी आहे. मेटॅलिका या मेटल बँडने १९९६ मध्ये 'लोड' काढला तेव्हा निम्मे चाहते संगीतापेक्षा त्या चौघांनी केस कापले म्हणून भडकले होते. (त्या संतापाला मी हसत नाही. लांब केस ही तेव्हा निष्ठेची खूण होती, आणि निष्ठा मोडल्याचं दुःख खरंच असतं.) त्याआधी चार वर्षं, फेथ नो मोअर या बँडने याहून अवघड काम केलं होतं. १९८९ च्या 'द रिअल थिंग'ने त्यांना प्रचंड यश दिलं. आज ज्याला अल्टरनेटिव्ह मेटल म्हणतात त्याची बरीचशी व्याख्याच तिथून निघते. त्याच साच्यातला दुसरा अल्बम त्यांनी काढला असता तर कुणी तक्रार केली नसती. त्यांनी १९९२ मध्ये 'एंजल डस्ट' काढला, विचित्र, विनोदी, मधूनच भेसूर. गिटारवादक जिम मार्टिनला ती दिशा पटली नाही आणि पुढच्या वर्षी तो बँडमध्ये उरला नाही. 'एंजल डस्ट' थोर आहे, यात मला शंका नाही. पण वाढ म्हणजे हेच, असं या उदाहरणावरून ठरवून टाकलं गेलं: मागचं सोडा, लोकांना दचकवा, आणि वाटेत एखादा माणूस गळाला तर ती किंमत समजा. तेव्हापासून प्रत्येक बँडच्या प्रत्येक अल्बमला हीच पट्टी लावली जाते.

ही पट्टी डेफ्टोन्सला लावली तर सर्वांत 'वाढलेला' अल्बम कोणता ठरेल? बहुधा २०१६ चा 'गोर'. तिथे धुकं जिंकलं होतं. आवाजाचे थर, तरंगत्या सुरावटी, गिटार कित्येकदा मागच्या खोलीतून आल्यासारखी. अनेक समीक्षकांनी धाडस म्हणून त्याचं कौतुक केलं. कार्पेंटरने मात्र त्याच सुमाराच्या एका मुलाखतीत सरळ सांगून टाकलं होतं की सुरुवातीला या अल्बमवर वाजवायचीच त्याला इच्छा नव्हती. नवा अल्बम विकायच्या दिवसांत गिटारवाद्याने असं बोलावं, हे विरळाच. मला 'गोर'मधली काही गाणी फार आवडतात, पण पूर्ण अल्बम ऐकताना जाणवतं की भांडणातला एक जण उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलाय. अंतर भरपूर कापलं गेलं. वजन मात्र वाटेत सांडलं. अंतराच्या हिशेबात हा अल्बम पुढे, आणि माझ्या हिशेबात तो या बँडच्या ऐन उमेदीतला सर्वांत अर्धवट अल्बम. मग पट्टीतच काही गफलत आहे, असं म्हणायला हरकत आहे का?

आता 'प्रायव्हेट म्युझिक' जवळून ऐकू. त्याआधी तुलनेसाठी 'अराउंड द फर'चं पहिलं गाणं लावा, 'माय ओन समर'. तिथे गिटार एक गचका देते आणि थांबते. त्या मोकळ्या जागेत मोरेनो कुजबुजतो, जणू भिंतीआड दबा धरून बसलाय. मग धृपदाला भिंत फोडून किंचाळत बाहेर येतो. सुंदर आहे, अजूनही अंगावर येतं. पण नीट पाहिलं तर ती पाळीपाळीची व्यवस्था आहे: आता तुझी पाळी, आता माझी. शांत, मग जोरात. पंचविशीच्या आत-बाहेरची मुलं भांडतात ती अशीच. एक बोलत असताना दुसरा श्वास रोखून धरतो आणि संधी मिळताच ओरडतो. आता नव्या अल्बमचं पहिलं गाणं लावा, 'माय माइंड इज अ माउंटन'. प्रस्तावना नाही, दबा धरणं नाही. कार्पेंटरचा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, पहिल्या क्षणापासून पूर्ण वजनाने उभा असतो, आणि मोरेनो त्याला टाळून गात नाही की त्याच्याशी आवाजाची चढाओढही करत नाही. खाली गिटारचे तुकडे पडतायत, ठोकळ्यासारखे, मध्ये नेमक्या फटी ठेवून. आणि वर आवाजाची एकच लांब रेघ त्या सगळ्या फटींवरून न अडखळता चाललीय. दोघंही आपलं म्हणणं सोडत नाहीत आणि दोघंही एकाच वेळी ऐकू येतात. तीन मिनिटांच्या आत गाणं संपतं. 'माय ओन समर'च्या काळात या लोकांना हे जमलं असतं, असं मला वाटत नाही. कल्पना तेव्हाही होती, आवर नव्हता.

दुसरा नमुना 'आय थिंक अबाउट यू ऑल द टाइम'. सुरुवातीला जवळजवळ उघडी गिटार आणि मोरेनोचा आवाज, एवढंच. त्याच्या आवाजात पूर्वी अशा ठिकाणी एक आजारी, धोकादायक हळवेपणा असायचा. आता काही दिवे लावून आपण बसलोय आणि कुणीतरी साधं, खरं बोलतंय, असं वाटतं. डेफ्टोन्सचा अनुभवी श्रोता इथे सावध होतो, कारण त्याला माहीत असतं की आता स्फोट होणार. बाकीचा बँड येतोही, पण पाणी भरत यावं तसा, त्याच सुराच्या खालून. आधीचं कोवळेपण पुसलं जात नाही, उचललं जातं. कनिंगहॅम इथे काय करतो ते हेडफोन लावून ऐकण्यासारखं आहे. या बँडबद्दल बोलताना सगळे गायक आणि गिटारवाद्यात अडकतात. भांडणात मध्यस्थ कोण, तर हा ड्रमवाला. 'व्हाइट पोनी'मधल्या 'डिजिटल बाथ'चा सुरुवातीचा ठेका आठवा, त्या स्नेअर ड्रमचा तो कोरडा, खणखणीत आवाज. तेव्हाच कळत होतं की घाई नसलेला माणूस मागे बसलाय. पंचवीस वर्षांनी त्याने ठोक्यांची संख्या वाढवलेली नाही. कुठे न मारायचं, ते त्याला आता जास्त कळतं.

यावर विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम आक्षेप असा: हे सगळे बारकावे खरे असतीलही, पण 'प्रायव्हेट म्युझिक'मधली तीन गाणी उचलून २०१२ च्या 'कोई नो योकान'मध्ये नेऊन ठेवली तर कुणाच्या लक्षात तरी येईल का? निर्मातासुद्धा तोच आहे, निक रस्कुलिनेक्झ, ज्याने 'डायमंड आइज' आणि 'कोई नो योकान' केले होते. तेरा वर्षांनी त्याच माणसाला परत बोलावणं म्हणजे सुरक्षित खेळणंच झालं ना? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पहिल्या एक-दोन ऐकण्यांत मलाही तसंच वाटलं होतं; एका गाण्याला तर मी मनातल्या मनात 'हे ऐकलेलं आहे' म्हणून पुढे सरकवलं. आणि निर्मात्याचा मुद्दाही बरोबर आहे. अनोळखी माणूस बोलावला असता तर काहीतरी अनपेक्षित निघण्याची शक्यता वाढली असती.

पण ओळखीचं वाटणं आणि तेच असणं यांत फरक असतो, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायची गरज नाही. भीमसेन जोशी ठरावीक रागच गातात, ही तक्रार त्यांच्या ऐन बहरातही होत असे. शुद्ध कल्याण, पूरिया धनाश्री, दरबारी. यादी श्रोत्यांना तोंडपाठ. तरी तेच श्रोते पुन्हा पुन्हा जाऊन बसत. ते काय ऐकायला? राग तर माहीत होता. त्या दिवशी त्या रागातून तो आवाज कुठून वाट काढतो, हे ऐकायला. उलट बाजूला कुमार गंधर्व. त्यांना आपण बंडखोर म्हणून मिरवतो, आणि ते होतेही. पण १९४७ नंतर क्षयाने कित्येक वर्षं गाणं बंद पडलं आणि पुढे श्वास कमी पुरू लागला, तेव्हा छोट्या, तुटक, टोकदार सुरावटींची जी गायकी उभी राहिली, ती लोकांना दचकवायला निघालेल्या माणसाची नव्हती. शरीराने जे हिरावलं त्याच्या पलीकडे गाणं कसं न्यायचं, याचा तो शोध होता. या दोघांपैकी 'वाढला' तो कोण? अंतराची पट्टी फक्त कुमारांना उत्तीर्ण करते. जी पट्टी भीमसेनांना नापास करते, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

इथे कुणी मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. ख्यालात राग आधीपासून असतो. गायकाने तो निर्माण केलेला नसतो, म्हणून पुनरावृत्तीचा दोष त्याच्या माथी येत नाही. रॉक बँड स्वतःची गाणी स्वतः रचतो. त्याचा श्रोत्याशी अलिखित करार नवं काही देण्याचा आहे, आणि श्रोता दर वेळी नव्या अल्बमचे पैसे मोजतो. बरोबर. ही उपमा शेवटपर्यंत ताणली तर तुटेल. पण एक गोष्ट तरी उरते: दहा अल्बमांनंतर या बँडचा स्वतःचा एक राग तयार झालाय, चलनवलनासकट. काही सेकंदांत ओळखू यावा असा आवाज कमावणं हे फार थोड्यांच्या नशिबी येतं. तो कमावल्यावर टाकून द्यायला का हवा? नवं हवंच असेल तर मोरेनोने 'टीम स्लीप' आणि 'क्रॉसेस' या नावांखाली ते करून ठेवलंय. गिटारचं ओझं नको असतं तेव्हा तो तिकडे जातो. मला तर ही विभागणी शहाणपणाची वाटते. जे धुकं त्याला निव्वळ धुकं म्हणून हवं आहे त्याला आता वेगळं घर आहे, त्यामुळे डेफ्टोन्समध्ये येताना तो भांडायच्या तयारीने येतो.

दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि तो मला जास्त छळतो. गेल्या काही वर्षांत छोट्या व्हिडिओंमधून या बँडला असा तरुण श्रोता मिळालाय, ज्याचा 'व्हाइट पोनी' आला तेव्हा जन्मही झाला नव्हता. समवयस्क बँड जुन्या पुण्याईवर उत्सव वाजवत फिरत असताना हे लोक पूर्वीपेक्षा मोठ्या मैदानांत वाजवतायत. त्या मुलांना जो आवाज आवडलाय तोच पुरवत राहण्यात पैसा आहे, आणि जोखीम शून्य. मग ज्याला मी आवर म्हणतोय तो नुसता धंद्याचा हिशेब नसेल कशावरून? सिद्ध करून दाखवता येणार नाही, हे मान्य. कलावंताच्या डोक्यात शिरून हेतू मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. पण बाजाराच्या सांगण्यावरून केलेलं काम कसं दिसतं, ते या बँडने २००० मध्ये एकदा दाखवलंय, आणि ते कानाला कळतं: ते घाईचं असतं, एकाच चवीचं असतं, आणि अल्बमच्या दारात उभं केलेलं असतं. बाजाराला 'व्हाइट पोनी'ची छायाप्रत हवी होती, असं समजू. 'प्रायव्हेट म्युझिक' तशी नाही. त्यात डेलगाडोचे सिंथ आहेत पण ते दिखाव्याला नाहीत, आणि अल्बम 'व्हाइट पोनी'पेक्षा पुष्कळ उजेडी आहे. 'इन्फिनिट सोर्स'सारख्या गाण्यातला मोकळा, जवळजवळ कृतज्ञ सूर २००० च्या मोरेनोच्या घशातून निघालाच नसता.

राहता राहिले 'परत आले' म्हणून नाचणारे जुने चाहते. त्यांच्याशी माझं भांडण कमी आहे, पण चूक त्यांचीच जास्त आहे. परत कुठे येणार? बासवादक ची चेंग नोव्हेंबर २००८ मधल्या मोटार अपघातानंतर कधीच पूर्ण शुद्धीवर आला नाही. १३ एप्रिल २०१३ रोजी तो गेला. अपघाताआधी जवळपास पुरा होत आलेला 'एरॉस' नावाचा अल्बम बँडने बाजूला ठेवला आणि बदली बासवादक घेऊन पूर्ण नव्याने 'डायमंड आइज' केला, तो २०१० मध्ये आला. त्या प्रसंगात माणसं काय करतात? कुणी बँड मोडतात, कुणी शोकगीतांचा अल्बम काढतात. यांनी आपला सर्वांत ऊबदार, जगायला निघालेला अल्बम काढला. डोळ्यांवर दुधी पडदा आलेला असताना ज्याने त्यांचा हात धरला तो निर्माता रस्कुलिनेक्झ होता. म्हणून २०२५ मध्ये त्याला परत बोलावण्याला मी 'सुरक्षित खेळणं' इतकंच नाव देऊ शकत नाही. आणि १९९७ ला परतण्याबद्दल बोलायचं, तर त्या वेळचा संताप हा तिशी न गाठलेल्या मुलांचा संताप होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस तो जसाच्या तसा आणेल तर ते सोंग होईल, आणि सोंग ओळखायला फार वेळ लागत नाही. नव्या अल्बममध्ये मोरेनो किंचाळतो तेव्हा ते नेमक्या जागी, मोजून येतं. तरुणपणी किंचाळी सुटत असे. आता ती ठेवलेली असते.

सगळंच जमलंय असंही नाही. 'कट हँड्स'मध्ये जुन्या रॅपी फेकीची आठवण जागवायचा मोह त्यांना आवरलेला नाही, आणि ती मला तरुणपणीचा शर्ट घालून आरशासमोर उभं राहिल्यासारखी वाटते. शेवटाकडे अल्बमची पकड थोडी सैलावते. सुमारे बेचाळीस मिनिटांच्या अकरा गाण्यांत दोन तरी अशी आहेत जी नसती तर मला चुकचुकलं नसतं. 'डिपार्टिंग द बॉडी' या अखेरच्या गाण्यात मात्र मोरेनो इतक्या खालच्या, खर्जातल्या आवाजात सुरुवात करतो की क्षणभर पाहुणा गायक आलाय की काय, असं वाटतं. तीस वर्षं ज्या गळ्याची वरची बाजूच आपण ऐकत आलो त्याला तळघरही आहे, हे दहाव्या अल्बमच्या अकराव्या गाण्यात कळतं.

सापाबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली. पिल्लू असताना तो वरचेवर कात टाकतो, कारण अंग भराभर वाढत असतं. मोठा झाल्यावर दोन कातींमधलं अंतर वाढतं. 'अ‍ॅड्रेनालिन' ते 'व्हाइट पोनी' या पाच वर्षांत डेफ्टोन्स जितके बदलले तितके ते पुढच्या पंचवीस वर्षांत बदलले नाहीत, हे विरोधकांचं निरीक्षण अचूक आहे. त्याला ते साचणं म्हणतात, मी वय म्हणतो. अर्थात ही सवलत कायमची नाही. अकरावा अल्बमही याच मापाचा निघाला, त्यातही मला हेच बारकावे शोधत बसावं लागलं आणि पुन्हा साप-बिप आठवायला लागला, तर आजचा माझा युक्तिवाद तेव्हा चालणार नाही. त्या दिवशी 'गोर' काढून पुन्हा ऐकावा लागेल, आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलेला तो माणूस कदाचित मला वेगळा दिसेल.